शाळेची बाग नक्की कोणाची?

झारी (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवाय. आणि खरं सांगायचं तर थोडं मन मोकळंही करायचंय.

लेकीच्या शाळेत मागच्या वर्षी 'आमची बाग' नावाचा उपक्रम झाला. कुंपणाच्या कडेला सहा वाफे, प्रत्येक वाफ्यावर रंगवलेली पाटी, उद्घाटनाला पाहुणे. वाफे माळीकाकांनी खणले, रोपं रोपवाटिकेतून आयती आली. मुलांनी रांगेत उभं राहून एकेक रोप खड्ड्यात ठेवलं, फोटो झाले, हात धुतले. पुढचे तीन महिने मुलांना वाफ्याजवळ फिरकायला बंदी, कारण 'रोपं तुडवली जातील'. टोमॅटो लागले, पण ते कोणाच्या पोटात गेले हे अजून गुलदस्त्यात आहे. मग सुट्टी लागली आणि सगळं वाळून कोळ झालं. पाट्या तेवढ्या टवटवीत राहिल्या.

पालकसभेत मी यावर जरा तावातावाने बोलले. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "मग या वर्षी तुम्हीच बघा ना." आली का पंचाईत!

तर आता सहा वाफे, चौथीची छत्तीस मुलं आणि आठवड्याला एक तास आहे. कागदावर चाळीस मिनिटं, त्यातली दहा कोणाचा तरी बूट शोधण्यात जातात. माझा स्वतःचा अनुभव चार कुंड्या, त्यातल्या दोन रिकाम्या.

यातून मुलं अन्नाबद्दल, निसर्गाबद्दल खरंच काही शिकतात का? की मोठ्यांची हौस? आणि शिकत असतील तर मी लावू काय? नवऱ्याचं म्हणणं, "मुलांना माती हवी असेल तर मैदानावर सोडा, फुकटात मिळेल."

तिरकस

शिकतात ना. रोप हातात धरून कॅमेऱ्याकडे कसं बघायचं ते. (हलके घ्या.)

पोटोबा

वाचनखूण साठवली आहे. पण आमच्या घरची कथा आधीच सांगून ठेवतो. चिरंजीवांनी गॅलरीत पालक लावला. रोज पाणी घातलं, त्याचं नाव ठेवलं, शाळेतून आल्यावर त्याच्याशी गप्पा. पानं खुडायची वेळ आली तर हीऽ रडारड, "माझ्या पालकाला कापायचं नाही!" आता तो पालक फुलून बियांवर आलाय आणि आम्ही खायचा पालक विकत आणतो. तोही चिरंजीव खात नाहीत, तत्त्व म्हणून.

रानवेल

झारीताई, मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शाळेच्या बागेत बऱ्याच चुका केल्यात, त्यातल्या काही तुमच्या वाचवते.

पहिल्या फेरीत टोमॅटोच्या नादी लागू नका. पेरणीपासून पिकलेलं फळ हाताशी यायला तीनेक महिने जातात आणि नऊ वर्षांच्या मुलाला तीन महिने म्हणजे युग. छोटा लाल गोल मुळा लावा. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात, चार आठवड्यांत मुळा खायला तयार. शेजारी घेवडा आणि मटार टाका. दोघंही शेंगवाले, पण उगवायच्या तऱ्हा वेगळ्या. घेवडा आपल्या बियांच्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो. मटार डाळी खालीच ठेवतो आणि नुसता कोंब वर पाठवतो. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. वाफ्यात मुलं त्यावर भांडतात. मला एका मुलीने विचारलं होतं, "बाई, मटार लाजतो का?"

रोज बी उकरून 'आलं का?' बघणारं एक मूल प्रत्येक वर्गात असतंच. त्याला ओरडू नका. काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद लावा, कागद आणि काच यांच्या मध्ये बी सरकवा आणि बरणी त्याच्या ताब्यात द्या. मूळ फुटलं की बरणी आडवी करून ठेवायला सांगा. दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खाली जायला लागतं. मग तो पोरगा बी उकरायचं सोडून बरणीच फिरवत बसतो.

विरळणीबद्दल आत्ता काही सांगत नाही. तो दिवस आला की इथे येऊन लिहा.

झारी

विरळणी म्हणजे? घाबरवताय का?

रानवेल

हो.

मुळाक्षर

सवयीप्रमाणे इतिहासात जातो, कंटाळा आला तर पुढे सरका.

फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. आपण ते नाव काव्यात्म समजतो, मुलं म्हणजे फुलं, बाई म्हणजे माळीण वगैरे. पण त्याच्या आराखड्यात खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, शिवाय सगळ्यांचा मिळून एक सामायिक भाग. आपल्या 'बालवाडी'तही वाडी आहेच की. हल्ली ती भिंतीवरच्या चित्रात असते, एवढंच.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने 'स्कूल गार्डन आर्मी' उभी केली. अन्नधान्याची ओढ होती, मोठी माणसं युद्धावर, मग मुलांना भाजीपाल्याला जुंपलं. मुलांच्या कंपन्या, त्यांचे कॅप्टन आणि लेफ्टनंट, बिल्ले, सगळा थाट. 'प्रत्येक मुलाला बाग आणि प्रत्येक मूल बागेत' अशा अर्थाची घोषणा होती. युद्ध संपलं, सरकारी पैसा आटला, पाठोपाठ बागाही आटल्या. झारी यांच्या शाळेत उद्घाटनानंतर जे झालं तेच, फक्त देशपातळीवर.

अलीकडचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं. १९९५ मध्ये तिथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेच्या आवारात, जिथे डांबर होतं तिथे, ॲलिस वॉटर्स यांनी एक एकराची 'एडिबल स्कूलयार्ड' सुरू केली. बाई मुळात रेस्टॉरंटवाल्या, त्यामुळे बागेच्या जोडीला स्वयंपाकाचा वर्ग आलाच. मुलं पेरतात, काढतात, रांधतात आणि टेबलाशी बसून खातात. मागच्या वर्षीचे टोमॅटो कुठे गेले, हा प्रश्न तिथे पडत नाही.

तिरकस

लेफ्टनंट भेंडी, हजर!

बांधावरचा

जरा वेगळा सूर लावतोय, माफ करा.

मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या शाळेत बाग होती आणि ती शिक्षेची जागा होती. गृहपाठ नाही? जा, गवत काढ. उशीर झाला? चार बादल्या पाणी घाल. घरी खुरपणी करून शाळेत यायचं ते खुरप्यापासून चार तास सुटका मिळावी म्हणून, आणि इथे पुन्हा खुरपंच. ज्याने कधी मातीत हात घातला नाही त्याला तो 'अनुभव' वाटतो. आमच्यासाठी ते काम होतं, आणि शाळेत त्याची शिक्षा झाली होती. त्यामुळे 'निसर्गाच्या सान्निध्यात' वगैरे वाचलं की माझी मान अजून दुखते.

पण सहावीत एक नवे सर आले. वाफा करायचा होता. सरांनी कुदळ अशी धरली की बघवेना. मुद्दाम धरली की खरंच येत नव्हतं, हे आजतागायत कळलेलं नाही. मी शेवटच्या बाकावरचा, पण राहवलं नाही, म्हटलं, "सर, असं नाही." त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली आणि वर्गाला म्हणाले, "आता हा सांगेल तसं करायचं."

त्या दिवशी उतार कुठल्या बाजूला आहे ते पाणी ओतून कसं बघायचं, ढेकळं किती फोडायची, वाफ्याच्या मध्ये का उभं राहायचं नाही, हे मी पहिल्या नंबरातल्या पोरांना सांगितलं. पहिला आलेला पोरगा माझ्याकडे बघून विचारत होता, "एवढी बारीक चालेल का माती?" त्यानंतर मी गणितात हुशार झालो असं अजिबात नाही. पण वर्गात हात वर करायला लागलो.

तेव्हा झारीताई, बाग शिक्षा म्हणून वापरू नका, कोणालाही वापरू देऊ नका. आणि तुमच्या छत्तीसांत कोणाच्या घरी शेती असेल, कोणाची आजी परसात भाजी लावत असेल, तर त्या मुलाला आधी शोधा.

रानवेल

बांधावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही एके काळी "जा, गवत काढ" म्हटलेलं आहे.

तासिका

मी शिक्षिका आहे, त्यामुळे थोडं कडू बोलते. बागेचं काम शेवटी येतं कोणाच्या माथी? पाण्याचं वेळापत्रक आम्ही, नोंदवही आम्ही, "बाई, त्याचे बूट मळले" हा फोन आम्हाला. हौशी पालक पहिले दोन महिने असतात, नंतर त्यांचं ऑफिस असतं. (झारी, तुम्हाला नाही हो. बरं, थोडं तुम्हालाही.)

आणि तास कुठून काढायचा? २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात शाळाबागांवर झोड उठवणारा लेख आला होता. मुद्दा असा, की ज्या मुलांना वाचन-गणिताची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचेच तास पालेभाज्या खुडण्यात घालवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तो लेख मला पूर्ण पटला नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता.

रानवेल

तासिका, तास वेगळा काढूच नका, गणिताचाच घेऊन जा. वाफ्याची लांबी-रुंदी मोजा, परिमिती काढा. दोन बियांत पाच सेंटिमीटर सोडले तर एका ओळीत किती बसतील? ५० बिया पेरल्या, ४१ उगवल्या, तर उगवण किती टक्के?

तासिका

चौथीला शेकडेवारी नाही हो बाई.

रानवेल

५० पैकी ४१. अपूर्णांक तरी आहे ना?

तासिका

आहे. बरं, एक गुण तुम्हाला.

आकडेमोड

भावना पुरे, चाचण्यांकडे येऊ. लंडनमधल्या शाळांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. नुसती बाग केल्याने मुलांचं रोजचं फळं-भाज्या खाणं वाढतं, याला फारसा पुरावा मिळाला नाही. जिथे बाग शाळेने मनापासून आणि पूर्णपणे राबवली, तिथलं चित्र जरा बरं होतं. टेक्सासमधल्या १६ प्राथमिक शाळांतल्या प्रयोगात (निष्कर्ष २०२१) बागेबरोबर पोषण आणि स्वयंपाकाचे तास होते, पालकांसाठीही वर्ग होते. तिथे भाजी खाणं थोडं वाढलं. वजनावर परिणाम दिसला नाही.

म्हणजे बाग हे लठ्ठपणावरचं औषध म्हणून विकू नका. झाडांबद्दलचं ज्ञान वाढतं आणि नवी भाजी निदान तोंडात घालून बघायची तयारी वाढते, एवढं म्हणा.

पोटोबा, नवी चव अंगवळणी पडायला ती मुलासमोर आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा यावी लागते. जबरदस्ती न करता.

पोटोबा

पंधरा? अकराव्या वेळी मी स्वतः संपावर जाईन.

शून्य प्रहर

अवांतर: टोमॅटो फळ की भाजी, यावर मुलांचा वादविवाद ठेवा. तास मजेत जाईल.

मुळाक्षर

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलाय. १८९३ साली. आयात भाजीवर जकात होती, फळावर नव्हती, म्हणून व्यापारी म्हणत होता की टोमॅटो फळ आहे. न्यायालयाने मान्य केलं की वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते फळच, पण लोक जेवणात भाजी म्हणून खातात, गोड पदार्थ म्हणून नाही. सबब भाजी. जकात भरा.

तिरकस

म्हणजे काकडी, भोपळा, भेंडी सगळे फरार फळं. आणि बटाटा?

रानवेल

बटाटा खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात, तिथून कोंब फुटतो. रताळं मात्र मूळ. मुलांना दोन्ही हातात द्या आणि डोळे कोणाला आहेत ते शोधायला लावा.

शून्य प्रहर

आणि गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, तोही प्रयोग करून घ्या.

रानवेल

अजिबात नको! दोन होत नाहीत. डोक्याकडचा भाग नशीब असेल तर जगतो, शेपटीकडचा मरतो. या समजुतीपायी माझ्या वर्गात तीन गांडुळं गेली आहेत. आम्ही त्यांना कंपोस्टात पुरलं, एक मुलगा भाषणही करणार होता.

औषधपाणी

गंमत चालू आहे तोवर चार कंटाळवाण्या गोष्टी सांगून टाकते. पेशाने डॉक्टर आहे, नाइलाज आहे.

जागेचा पूर्वेतिहास विचारा. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत किंवा रहदारीच्या रस्त्याकडेला असेल तर मातीत शिसं असू शकतं. जुन्या रंगाचं, जुन्या पेट्रोलचं. शिसेयुक्त पेट्रोल वाहनांसाठी जगातून पूर्ण बंद झालं ते २०२१ मध्ये, आणि शिसं मातीतून सहजासहजी जात नाही. शंका असेल तर माती तपासून घ्या. नाहीतर विटा रचून उंच वाफा करा आणि बाहेरून चांगली माती भरा. पालेभाज्या आणि कंदांना माती चिकटते, म्हणून धुणं महत्त्वाचं.

शेण ताजं घालू नका, पूर्ण कुजलेलंच घ्या. शाळेच्या कुंपणाला कण्हेर असेल तर मुलांना ती विषारी आहे हे दाखवून सांगा, तोडून टाकलीच पाहिजे असं नाही. बटाट्याची हिरवी फळं आणि हिरवे पडलेले बटाटे खायचे नाहीत. कच्चा राजमा चघळायला देऊ नका. मूठभरसुद्धा लागत नाही, चार-पाच दाण्यांनी उलट्या होऊ शकतात. भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळला की ठीक.

आणि धनुर्वाताची लस झालीय का, ते पालकांना विचारा.

झारी

औषधपाणी, आमचे दोन वाफे भिंतीलगतच आहेत. भिंत जुनी. उद्याच विचारते.

सामायिक नळ

शाळेचा अनुभव नाही, कॉलनीतल्या सामायिक बागेचा आहे. इमारतींच्या मागे पडीक तुकडा होता, राडारोडा टाकायची जागा. चौदा घरांनी मिळून साफ केला. पहिल्या वर्षी भाजीपेक्षा भांडणंच जास्त पिकली. पाणी कोणी जास्त घेतलं, कोणाच्या वेलाची सावली कोणावर, सगळं. मधला एक वाफा मुलांना दिला होता, तो देताना सगळ्यांची एकच भावना, कटकट बाजूला झाली.

मुलांनी लावला भोपळा. फुलं भरपूर, भोपळा एकही नाही. आठवडाभर फुलं गळतायत. मुलांनी चौकशी समिती नेमली (अध्यक्ष सात वर्षांचा). कोणीतरी फूल तोडण्याचा आरोप झाला, मग उंदरांवर संशय. शेवटी एका मुलीने बसून फुलं नीट बघितली तर दोन जातींची निघाली. काही नुसत्या दांड्यावर, आणि नुकतीच आलेली एक-दोन अशी की फुलाच्या मागे चिमुकला भोपळाच लावलेला. नर आणि मादी. नर फुलं आधी यायला लागतात, मादी मागून, म्हणून आधीची सगळी गळत होती.

मग सकाळी फुलं उमललेली असतानाच रंगकामाच्या ब्रशने परागकण इकडून तिकडे. दुपारी जाऊन उपयोग नाही, फूल मिटतं. सुट्टीच्या दिवशी आठला न उठणारी पोरं साडेसहाला ब्रश घेऊन हजर. तीन भोपळे धरले. त्यातला एक एवढा मोठा झाला की कापायचा कोणी, यावर पुन्हा समिती.

दुसऱ्या वर्षी टोमॅटो चोरीला जायला लागले. मुलांनी पाटी लावली, 'हे टोमॅटो मोजलेले आहेत'. चोरी चालूच. मग पाळत. निम्मे चोर बुलबुल निघाले, निम्मे पहाटे फिरायला येणारे शेजारच्या इमारतीतले आजोबा. त्यांना वाटलं होतं बाग सगळ्यांची आहे. चूक तरी कसं म्हणणार, पाटीवर आम्हीच 'सामायिक' लिहिलंय. सध्या नळाची किल्ली त्यांच्याकडे असते. सुट्टीत सगळे गावाला जातात तेव्हा बाग तेच सांभाळतात, टोमॅटोही घेतात. मोजून.

झारी, तुमची बाग सुट्टीत वाळते म्हणून सांगतोय. उत्साहाचं सोडा, सुट्टीत पाणी कोण घालणार तेवढं आधी ठरवा. कोणीच मिळालं नाही तर पिकं अशी बेता की सुट्टीआधी सगळं काढून होईल, आणि जमिनीवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाका. दोन-चार दिवसांच्या सुट्टीसाठी मडकं पुरा. चकाकी नसलेलं मातीचं, गळ्यापर्यंत जमिनीत. भरून झाकण ठेवायचं, पाणी आपोआप पाझरत राहतं. २,००० वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही युक्ती आहे म्हणतात, मुळाक्षर सांगतीलच.

मुळाक्षर

आहे. या वेळी मी गप्प बसणार होतो.

रानवेल

एक राहिलं. मावा (रोपांचा रस शोषणारे बारीक किडे) पडला की मुलं दिसेल तो किडा चिरडतात. ढालकिडा (तोच, लाल पाठीवर काळे ठिपके) सगळ्यांना आवडतो, पण त्याची अळी काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी. तीच मावा फस्त करते आणि तीच बिचारी सगळ्यात आधी मरते, कारण दिसायला वाईट. भिंग द्या आणि अळी माव्यावर सोडून पाच मिनिटं बघू द्या.

तिरकस

दिसायला वाईट पण कामाचा. धाग्यावर माझी दखल घेतल्याबद्दल आभार.

झारी (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. तुम्ही एवढं लिहिलंत, हिशेब द्यायला हवा.

माती तपासून घेतली. भिंतीलगतचे दोन वाफे सोडून दिले, तिथे आता फक्त झेंडू आणि सूर्यफुलं. त्याऐवजी दोन उंच वाफे पटांगणाच्या कडेला केले. विटा माळीकाकांनी आणि मुलांनी मिळून रचल्या. काकांना पहिल्यांदाच कोणीतरी प्रश्न विचारत होतं, त्यामुळे तास संपला तरी ते थांबेनात. घरी शेती असलेली दोन मुलं निघाली. त्यातली एक मुलगी वर्गात जवळजवळ बोलतच नाही. वाफा सपाट करताना तिने माझ्या हातातून फळी काढून घेतली, एक अक्षर न बोलता. बांधावरचा, तुमची आठवण आली.

सहा-सहाचे सहा गट केले, कोणी काय लावायचं ते त्यांनीच ठरवलं. झेंडू-सूर्यफुलं दोन गटांकडे, भाज्या चौघांकडे. एका गटाला बिस्किटं लावायची होती, ती बातमी सोडून देते.

आता कबुलीजबाब. तिसऱ्या गटाच्या वाफ्यात काहीच उगवलं नाही. बाकीच्यांचे कोंब वर, इथे चिखल. सहाही जण रोज येऊन 'थोडंसं' पाणी घालत होते, म्हणजे दिवसाला सहा झाऱ्या. मला त्यांचे चेहरे बघवेनात. संध्याकाळी रोपवाटिकेतून तयार रोपं आणली आणि गुपचूप लावायला निघाले. सकाळी मुलं येतील, खूश होतील. दारातच लेकीने गाठलं. "आई, ही तर मागच्या वर्षीसारखी बाग झाली." मी चप्पल काढून घरात आले. ती रोपं आमच्या दोन रिकाम्या कुंड्यांत आहेत.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गटाने वाफा उकरला. बिया मऊ, तपकिरी, चिमटीत धरल्या की फुटत होत्या, वास येत होता. तो वास वर्गातल्या प्रत्येकाने घेतला, काहींनी दोनदा. मग त्यांनी स्वतःच नियम केला, बोट पेरापर्यंत मातीत घालायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी. दुबार पेरणी केली.

रानवेलताई, विरळणीचा दिवस. तुम्ही घाबरवलंत ते कमीच होतं. "दाट झालेत, मधली रोपं उपटू या," एवढंच म्हटलं तर वर्गात बंड. "ती पण जिवंत आहेत!" "मग कोणाला उपटायचं ते कोण ठरवणार?" एक जण म्हणाला, "मी आमच्या घरात तिसरा आहे." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. मुळ्याचे दोन वाफे होते. एका गटाने उपटली, दुसऱ्याने मतदान घेऊन नकार दिला. उपटलेली कोवळी रोपं धुऊन खाल्ली, मोहरीसारखी तिखट लागतात.

काल मुळे काढले. विरळलेल्या वाफ्यात गोल, लाल, बोराएवढे ते लिंबाएवढे. दुसऱ्यात नुसत्या लाल दोऱ्या. त्या गटातला तो तिसरा मुलगा बराच वेळ एक दोरी हातात धरून बसला होता. म्हणाला, "पण पानं आमची जास्त आहेत." खरंच होती. पानं त्यांनी खाल्ली.

आणि पोटोबा, वर्गात एक महाशय आहेत, डब्यात हिरवं दिसलं की झाकण लावणारे. त्यांनी मुळ्याची फोड तोंडात घातली, थुंकली. दुसरी घातली, तीही थुंकली. तिसरी तोंड वाकडं करून गिळली. आकडेमोड, आता बारा बाकी.

आकडेमोड

थुंकलेल्या धरायच्या का, यावर मतभेद आहेत. मी धरतो.

तासिका

आणि बूट?

झारी

बूट मळले. चार फोन आले, चारही मला. नंबर वहीत मीच लिहिला होता.

सुट्टीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. माळीकाका आठवड्यातून दोनदा येतो म्हणालेत. बाकीच्या दिवसांची यादी फळ्यावर लावली तर अकरा नावं आली, त्यातलं एक दोनदा. मडकी पुरून झालीत.

वार्षिक अंकासाठी शाळेला फोटो हवा होता. फोटोग्राफर आले, चांगल्या वाफ्यासमोर उभं राहा म्हणाले. दोऱ्यांचा गट हलेना. शेवटी फोटोत दोन्ही आहेत, एकाच्या हातात मुळा आणि एकाच्या हातात दोरी. तो छापतील का, देव जाणे.

आणि तिसऱ्या गटाच्या वाफ्यात आज सकाळी पाच कोंब दिसले. चार घेवड्याचे, डाळी डोक्यावर घेऊन. पाचवा वेगळाच आहे, बहुतेक गवत. मुलं म्हणतायत उपटायचं नाही, बघू काय निघतं.

बांधावरचा

त्याचा जवळून फोटो टाका. बघून सांगतो. मुलांना मात्र लगेच सांगू नका.